अर्ध्यावरचे काका

कंडक्टर काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं मात्र पक्की राहत. आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडल्याचा परिणाम. निवृत्त होऊन वाणगावात राहायला आले, तरी स्टेशनावर दिसेल त्याला "काय उधवा, आज उशीर?" अशीच हाक. एखादं गाव दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी त्या बाजूच्या कोणालातरी गाठून चौकशी करत. माझी आई रानशेतची माहेरवाशीण. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी काकांच्या लेखी ती रानशेतच.

२०१४ साली मी डहाणूला कॉलेजात जात होते आणि आई त्याच सकाळच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन बाजाराला. घरून दोघी बरोबर निघायचो, पण स्टेशनाशी आलो की मी पुलावरून आणि ती थेट रुळांतून. पाटीवाल्या सगळ्याच बायका तशा जायच्या. डोक्यावर वांग्या-मिरच्यांची भरलेली पाटी असली की मान वळवता येत नाही. आई गाडी बघून नव्हे, ऐकून रूळ ओलांडायची. न थांबणाऱ्या गाड्या तिथून कशा सुसाट जातात ते मला माहीत होतं. तिचा पाय पलीकडच्या फलाटाला लागेपर्यंत मी पुलाचा कठडा धरून उभी राहायची, रोज. भांडून झालं, रडून झालं, एकदा चार दिवस अबोलाही धरला. "मला काय नाय होत," एवढंच तिचं उत्तर.

काकांनीही आधी चारचौघांसारखा आरडाओरडाच केला. बायका हसून पुढे जात. शेवटी एका सकाळी ते इरेला पेटले. "द्या ती पाटी इकडे, रानशेत. पुलावरून जायला काय पाय मोडतात, बघतोच!" आईने आनंदाने पाटी त्यांच्या डोक्यावर चढवली आणि आपण रिकाम्या हाती रुळांतून पलीकडे गेली. काका जिन्याच्या मधल्या टप्प्यापर्यंत कसेबसे पोचले, दम लागला म्हणून पाटी खाली ठेवली, आणि तिथेच फसले. भरलेली पाटी जमिनीवरून एकट्याने डोक्यावर घेता येत नाही, दुसरा हात लागतोच. गाडीच्या घाईत कोण थांबतंय? गाडी आली, गेली. मी कॉलेज बुडवून खाली पळत आले, तोवर आईही जिना चढून आली होती. काका वांग्यांची राखण करत घाम पुसत होते.

"कलला आता? खाली ठेवली तर उचलून कोन देनार?"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कोनी?" आई म्हणाली.

माझ्या तोंडावर तर कोणी चपराक मारावी तसं झालं. इतकी वर्षं मी तिला अडाणी ठरवत होते, पण हा एक प्रश्न मलाही सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून काका गाडीच्या वेळेला त्या मधल्या टप्प्यावर उभे. खालून पाटी येताना दिसली की वरून हाक, "या, अर्ध्यावर मी आहे!" पाटी उतरवायची, बाईला दोन श्वास घेऊ द्यायचे, पुन्हा चढवायची. काका एकटे आणि पाट्या भरपूर, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यालाही अडवत. "हात रिकामे दिसतात. तिकीट काढा!" म्हणत पाटीची दुसरी कड त्याच्या हातात देत. इस्त्रीच्या शर्टाचे कितीतरी बाबूलोक मिरच्यांची माती झटकत गाडीत चढले. मीही त्यातलीच.

हळूहळू बायका वळल्या. आई वळली नाही. कोणाकडून ओझं उचलून घेणं तिच्या मानी स्वभावात बसत नव्हतं. काकांनी आग्रह सोडून दिला. महिन्याभराने एवढंच म्हणाले, "रानशेत, माझी पाठ धरते हो. तुमच्याएवढं बळ इथे कोणात नाही. जरा हाताखाली येता का?" मदत घ्यायला जी आली नसती, ती मदत द्यायला लगेच आली. आणि टप्प्यावर उभं राहायचं म्हणजे तिची पाटीही वर आलीच. त्या दिवशी मी कठडा न धरता पूल ओलांडला. लबाड माणूस!

पुढे काकांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. निघताना ते टप्प्याकडे बघत राहिले. आता बायका पुन्हा रुळांत उतरणार, ही धास्ती मला होती.

२०१९च्या दिवाळीत ते आम्हाला भेटायला आले. मी फलाटावर न्यायला गेले होते. गाडी निघून गेली. काकांनी जिन्याकडे पाहिलं, मग मोकळ्या रुळांकडे, आणि ओशाळून हळूच म्हणाले, "आजच्या दिवस इकडून जाऊ या का ग? गुडघे ऐकत नाहीत."

मी काही बोलणार तोच वरून आवाज आला.

"ओ नाशिक! कुठं चाललात?" मधल्या टप्प्यावर पदर खोचून आई उभी होती. "वर या गुपचूप. अर्ध्यावर मी हाय."

काकांनी पिशवी माझ्याकडे दिली, डोळे पुसले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.