पार्बताबाईचा अंगठा

तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो. लिहिलेला अर्ज सहसा लक्षात राहत नाही. पार्बताबाईचा राहिला.

ती आमच्याच गावची माळीण. नवरा गेल्यावर तीस वर्षं तिनं बाजारात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला विकला. तीन वर्षांपूर्वी भाजीचं गाठोडं उतरवताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. आधाराशिवाय उठता येईना. मुलगा जीवन अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हमाल होता, रोज बसनं जाऊन येऊन करायचा. निघण्याआधी आईला उचलून मोरीपाशी न्यायचा, तिची वेणीही घालून द्यायचा. सून गीतांजली लोकांच्या शेतात निंदणाला जायची. दोघांच्या मजुरीत आईच्या औषधांचा खर्च काही भागेना.

निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळू शकले असते. पण रेशन कार्डावर कमावत्या मुलाचं नाव, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला अडला. वाट मीच दाखवली. कार्ड वेगळं करा, मुलानं दुसरीकडे राहायचं आणि आईनं तसं लिहून द्यायचं.

जीवननं तिला ऑटोत घालून आणलं. मी मजकूर वाचून दाखवला. माझा मुलगा विभक्त राहतो, तो माझा सांभाळ करीत नाही.

तिनं अंगठा मागे घेतला.

"रोज उचलून नेते तो मले. असं कसं लिवता, भाऊ?"

जीवन खाली बघत होता. "कागदावरच हाय न, माय," तो म्हणाला. "कर अंगठा."

तिनं केला. बोटाची शाई त्यानं आपल्या गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसली.

चौकशीला माणूस येणार म्हणून जीवन, गीतांजली आणि त्यांची मुलगी मोनाली अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहायला गेले. महिन्याभरासाठी, असं ठरलं होतं. चौकशी पाच महिन्यांनी झाली. मंजुरीला आणखी सहा गेले. तोवर मोनालीचं नाव तिथल्या शाळेत घातलं होतं, गीतांजलीला चार घरची कामं लागली होती. जीवन आधी एक दिवसाआड यायचा, मग रविवारी, मग सणावारी. भांडण कोणाचंच झालं नाही. घरात पार्बताबाई एकटी, आणि सकाळी तिला हाताला धरून उठवायला शेजारची जाईबाई. जाईबाईचीही साठी उलटलेली.

पैसे सुरू झाले. दोन-तीन महिन्यांनी जाईबाई तिला घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"पैसे बंद करा, भाऊ," पार्बताबाई म्हणाली. "पोराचं नाव परत लावा. त्याले घरी येऊ द्या."

मी जीवनला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तिच्या हातात दिला. तिनं त्यालाही तेच सांगितलं.

"माय, आता इकडं सारं बसलं," तो म्हणाला. "चालू हाय तं चालू राहू दे."

तिनं मोनाली कितवीत आहे ते विचारलं, जेवली का विचारलं आणि फोन मला परत दिला. अर्ज लिहायचं पुन्हा म्हणाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला ताप भरला आणि लघवी बंद झाली. जाईबाईनं गाडी करून तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. जीवन कामावरून तसाच धावत आला, अंगावर सरकीची धूळ होती. मीही गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, बाई इतके दिवस पाणी का पीत नव्हती? जाईबाई म्हणाली, "मले दिवसातून एकडावच उचलता येते तिले. मंग तिनं पानीच कमी केलं."

जीवन भिंतीला टेकून खाली बसला.

तिसऱ्या दिवशी पार्बताबाई गेली. तेरवी झाल्यावर गीतांजली म्हणत होती, आता इथंच राहू, घर तरी आपलं आहे. जीवन ऐकेना. दाराला कुलूप लावून त्यानं किल्ली जाईबाईकडे दिली आणि दुपारच्या बसनं सगळ्यांना घेऊन गेला.