आधी रेघ, मग अक्षर

मी जैबूच्या हातातून पाटी काढून घेतली आणि ओल्या फडक्यानं पुसली. त्या दिवशीची ती तिसरी वेळ. जैबू रडली नाही. तिनं पेन्सिल उचलली आणि पुन्हा आधी आडवी रेघच ओढली.

ही गोष्ट सत्तर सालानंतरची. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी पहिलीला शिकवत होते, नोकरी नवी होती. जैबू सात वर्षांची, शाळेत उशिरा आलेली. तिचे वडील दस्तगीरभाई पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याशेजारी बसून बसून पोरीला अक्षरं यायला लागली होती. पेंटर लोक खडूची पूड लावलेला दोरा ताणून आधी वरची रेघ मारतात आणि मग तिच्याखाली अक्षरं काढत जातात. जैबूही तेच करायची. 'क' कधी दांडीपासून सुरू करायची, कधी शेपटीपासून. अक्षर मात्र माझ्या फळ्यावरच्यापेक्षा देखणं यायचं.

पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये 'वळण' शिकवलं होतं. म्हणजे अक्षर कुठून सुरू करायचं, हात कुठून कुठं न्यायचा, याचा ठरलेला क्रम. त्यात रेघ सगळ्यात शेवटी. महिन्याभरात तपासणी होती. वरचे साहेब वर्गात येऊन मुलांना लिहायला लावणार होते.

हेडमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, वर्गात पन्नास पोरं हायत. एकीला सूट दिली तर उद्या पन्नास तऱ्हा होतील. साहेबांना काय सांगणार?"

त्यांच्यावर ढकलून उपयोग नाही. मी न शिकवता तिला येत होतं, हेच मला सोसत नव्हतं.

एकदा मधल्या सुट्टीत दस्तगीरभाई आले. नखांत निळा रंग तसाच होता.

"बाई, पोरगी घरात ब्रश धरंना झालीया. काय झालंय?"

"तिला चुकीची सवय लागलीय. तुम्ही असं शिकवायला नको होतं."

"मी कुठं शिकिवलं? ती बघत बसायची, मी बसू दिलं. चुकलं तर तिचं तिलाच कळायचं." मग म्हणाले, "अक्षर वाईट हाय व्हय तिचं?"

"अक्षर चांगलं आहे. पद्धत चुकीची आहे."

"मग ऱ्हाऊ द्या की, बाई."

मी राहू दिलं नाही. रोज पाटी पुसत गेले.

तपासणीला साहेबांनी नेमकं जैबूलाच उठवलं. तिनं 'कमळ' लिहिलं, प्रत्येक अक्षराआधी माझ्याकडं बघत, अगदी माझ्या क्रमानं. अक्षरं वाकडी, शेवटची रेघ कापरी. साहेब "ठीक आहे" म्हणून पुढं गेले. वर्गाला 'समाधानकारक' शेरा मिळाला. त्या दिवशी मी खूश होते, याची आज लाज वाटते.

जैबू चौथीत असताना शाळेची पाटी नव्यानं रंगवायची निघाली. दस्तगीरभाईंनी ती उतरवून व्हरांड्यात ठेवली होती. जैबू शेजारी नुसती उभी होती. मला वाटलं, झालेलं भरून काढायची ही संधी आहे.

"जैबू, पहिलं अक्षर तू काढ," मी म्हणाले.

दस्तगीरभाईंनी लगेच ब्रश पुढं केला. तिनं तो घेतला आणि पाटीकडं पाहिलं. दोरा मारून झाला होता, पांढरी रेघ उमटली होती. तिनं ब्रश डब्यात ठेवला आणि हात मागं घेतले.

"रेघ आधीच मारलीया, बाई. आता कसं लिवू?"

"तुला हवं तसं लिही."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्यावर विश्वास ठेवावा, असं मी काही केलं नव्हतं. पाटी दस्तगीरभाईंनीच पुरी केली.

पुढं निवृत्त होईपर्यंत मी पहिलीलाच शिकवलं. मूल आपलं आपण काही करत असलं की मी हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. दस्तगीरभाईंना हे ट्रेनिंगशिवाय येत होतं. मला यायला जैबू खर्ची पडली.