एनिड बूथरॉइडच्या दोन पट्ट्या

एनिड बूथरॉइड कुणाच्या घरी गेली की आधी माणसाकडे बघत नसे, त्याच्या टेबलाकडे बघे. यॉर्कशरमधल्या त्या गिरणगावात छोटी विमानं बनवून उडवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. पंचवीस-तीस डोकी, बहुतेक निवृत्त, आणि हट्टीपणात एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. त्यांच्यापैकी कुणी घर बदललं, की विमानाची फळी बसवायला एनिडला बोलावणं जायचं. तिने उभा जन्म सूट शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतण्यात घालवला होता. केसभर फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे.

विमानाचा पंख फळीवरच जन्माला येतो. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या काड्या टाचण्यांनी तिच्यावर टोचून बसवायच्या, डिंक लावायचा आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. फळीला पीळ असेल तर पंख तो पीळ घेऊनच उठतो. म्हणून हे लोक चांगलं जुनं सपाट दार शोधतात आणि त्याचंच टेबल करतात. एनिडला अशी दारं जिवापाड आवडत.

विल्फ सटक्लिफने मात्र तिला बोलावलं नव्हतं. बायको गेल्यावर, जानेवारीत, तो कालव्याजवळच्या दोन खोल्यांत राहायला आला. "अगं, आयुष्यभर भिंती बांधल्यात मी," तो म्हणाला होता, "एक टेबल लावायला तुला कशाला त्रास?" मंडळातला सगळ्यात चांगला कारागीर तो. कोण त्याला सांगणार?

एप्रिलपासून त्याची विमानं पडायला लागली. वर गेली की डावीकडे गिरकी घ्यायची आणि सरळ काटेरी झुडपात. दर रविवारी तेच. आणि दर रविवारी सगळे म्हणायचे, "आज वारा वाईट आहे, विल्फ." एका रविवारी तर गवताचं पातंही हलत नव्हतं, तरी वाराच वाईट! ही माणसं दात उपटून घेतील, पण मित्राला 'तुझा पंख पिळलाय' असं तोंडावर म्हणणार नाहीत. एनिडसुद्धा तीनदा तेच बोलली. तिची तेवढीच एक गोष्ट मला पटत नाही.

जूनमध्ये चहा घेताना विल्फने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. बोटं थरथरत होती.

"हात गेले, एनिड. पुढच्या रविवारी लाकूड वाटून टाकतो. कुणाला हवं त्याने न्यावं."

एनिडच्या मनात आलं: एकट्या माणसाचे रविवारही गेले, तर मग उरलं काय?

सोमवारी सकाळी ती बसने त्याच्याकडे गेली. पिशवीत आल्याचा केक आणि हातभर लांबीच्या दोन सरळ लाकडी पट्ट्या.

"केक घेऊन आलीस म्हणजे काहीतरी वाईट सांगायचंय," विल्फ दारातच म्हणाला.

"हो. तुझं टेबल वाकडं आहे."

विल्फ लालबुंद झाला. आत गेला, गवंड्याची पाणसळ आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली, आधी उभी, मग आडवी. बुडबुडा दोन्ही वेळा बरोबर मध्यावर.

"बघ! डोळे तपासून घे, बाई."

"पाणसळ भिंतीला ठीक आहे रे. पिळलेल्या फळीचाही मध्य समतलच असतो. टोकं बघ."

तिने एक पट्टी टेबलाच्या उजव्या टोकाला आडवी ठेवली, दुसरी डाव्या टोकाला. मग विल्फला उजव्या टोकापाशी नेऊन गुडघ्यावर बसवलं आणि एका पट्टीवरून दुसरीकडे बघायला लावलं. दोन्ही कडा एका रेषेत यायला हव्या होत्या. पलीकडची पट्टी एका बाजूला काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी खाली होती.



"जमीन त्या कोपऱ्यात खचलीये," एनिड म्हणाली. "चौथा पाय खाली गेला, आणि तू टेबलाचं हे दार स्क्रूंनी आवळून पायांच्या चौकटीवर ओढून बसवलंस. डावा पंख तिथेच बांधतोस ना?"

तिने स्क्रू काढायला लावले. शेवटचा निघाला तसं दार कुरकुरलं आणि हलकेच वर आलं. मग तिने ते नुसतं तीन लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं, कारण तीन टेकू कधी डगमगत नाहीत. पुन्हा पट्ट्या ठेवल्या. दोन्ही कडा एक झाल्या.

विल्फ खुर्चीत बसला. "म्हणजे... चूक हातांची नव्हती?"

इथे दुसरं कुणी असतं तर गोड बोलून मोकळं झालं असतं. एनिड तसं बोलली नाही, आणि याच गोष्टीसाठी मी तिला मनापासून मानतो.

"हातही थरथरतात. थोडे. खोटं कशाला बोलू? पण पंख पडत होता टेबलामुळे."

"अडीच महिने," तो म्हणाला, "रोज सकाळी उठून मी हातांकडे बघतोय. आणि तुम्ही सगळे!"

"हो. आम्ही सगळे. माझी चूक झाली, विल्फ."

त्याने डोळे पुसले. उठून पंखाच्या आराखड्याचा कागद दारावर पसरला, बाल्साची लांब काडी त्यावर ठेवली आणि टाचणी उचलली. टाचणीचं टोक लाकडाच्या वर इकडेतिकडे हललं. एनिडला हात पुढे करावासा वाटला, पण तिने केला नाही. विल्फने मनगट दारावर टेकवलं आणि टाचणी बरोबर जागेवर दाबली. मग दुसरी उचलली.