जोड दिसला पाहिजे

माझ्या धंद्यात कामाची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, अंगठ्याने होते. शांती नगरमधल्या बेन असोत की नया नगरमधले चाचा, स्टीलची रेलिंग बसवून झाली की प्रत्येक गिऱ्हाईक दोन पाईप जुळतात तिथून अंगठा फिरवतं आणि म्हणतं, "जॉइंट दिखना नहीं चाहिए, सेठ." माझ्या कामात तो दिसत नाही. भाईंदर पूर्वेला माझा गाळा आहे. तीस वर्षं तिथे मी गेट, रेलिंग, किचनच्या ट्रॉल्या बनवतोय. वेल्डिंग ग्राइंडरने घासून, वर बफ मारून, म्हणजे चकचकीत पॉलिश करून, असं गायब करतो की दोन पाईप कधी वेगळे होते हे खरं वाटू नये. याचा मला गर्व होता. अभिमान म्हटलं की उगाच बरं वाटतं, म्हणून गर्वच म्हणतो.

हा गर्व माझ्या मुलीच्या जिवावर उठणार होता.

मुलगी एकुलती एक. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर, आणि सुट्टी मिळाली की रेसिंग. आधी गो-कार्ट चालवायची. मग दोन मैत्रिणींबरोबर मिळून एक जुनी छोटी गाडी घेतली आणि आतल्या सीट, कार्पेट, एसी सगळं उपटून काढलं. अमेरिकेत स्टॉक कार रेसिंग म्हणून एक मोठं प्रस्थ आहे, दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्या गाड्या भिंतीला घासत गोल गोल पळतात. ते हिचं वेड. आपल्याकडे तसं काही नाही, पण दक्षिणेत ट्रॅक आहेत आणि तिथे साध्या गाड्यांच्या रेस होतात. तिला तिथे उतरायचं होतं.

तिच्या आईने या विषयावर बोलणंच सोडलं होतं. मुलगी काही कमी नाही. आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरात संध्याकाळी चहाच्या वेळी साखरेच्या डब्याला फोन टेकवून ती आम्हाला रेसमधले अपघात दाखवायची. भीती घालवायला अपघात दाखवणारी जगात ही एकटीच असेल. गाडी भिंतीवर आदळायची, चार-पाच कोलांट्या खायची, लोखंडाचा नुसता गोळा उरायचा. बायको तोंड फिरवायची.

"आई, बघ ना. आता जाळी बघ."

गाडीच्या खिडकीला काच नसते, जाळी असते, हात बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. अपघातानंतर ड्रायव्हर ती आतून सोडतो. जाळी खाली पडली की सगळ्यांनी समजायचं, माणूस ठीक आहे. नाही पडली तर डॉक्टर पळत सुटतात. बघता बघता जाळी पडायची आणि त्या गोळ्यातून एक माणूस बाहेर येऊन हात हलवायचा.

"पूर्वी माणसं जायची यात," मुलगी सांगायची. "मग मान धरून ठेवणारे पट्टे आले, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारी सीट आली, भिंतीसुद्धा मऊ केल्या. प्रत्येक नियमामागे कोणीतरी गेलंय, बाबा. पण सगळ्यात आधी लागतो पिंजरा."

पिंजरा म्हणजे गाडीच्या आत, ड्रायव्हरच्या भोवती बसवलेली जाड पाइपांची चौकट. गाडी उलटली तर छप्पर चेपतं, पिंजरा चेपत नाही. निदान चेपू नये.

एके दिवशी बायको बऱ्याच दिवसांनी या विषयावर बोलली, तेही माझ्याकडे बघून. "पिंजरा तुम्ही बनवा. दुसऱ्या कोणाच्या हातचा नको. तुम्ही बनवलात तरच ती त्या गाडीत बसेल."

माझी छाती फुगली. तिने केवढी जबाबदारी माझ्यावर टाकली होती, ते तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. मला फक्त कौतुक ऐकू आलं.

मुलीने नियमांची पानं छापून दिली. पाईप कुठला, जाडी किती, कुठून कुठे जायचा, सगळं त्यात होतं. तेवढ्यात तिला ऑफिसने महिनाभरासाठी बंगळूरला धाडलं. मी एकट्याने काम काढलं. पाईप वाकवले, टाके मारले, आर्गन वेल्डिंग केलं, आणि मग सवयीने ग्राइंडर उचलला.

खोटं बोलत नाही, नियमांत ती ओळ होती. वेल्डिंग घासू नये. मी ती वाचली होती. मला वाटलं, ज्यांना नीट घासता येत नाही त्यांच्यासाठी असेल.

बफिंगला माझ्याकडे एक दादा आहेत. माझ्याहून वयाने मोठे, जवळच्याच गावातले, त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. पिंजऱ्याच्या आत घुसून घुसून त्यांनी एकेक जोड आरशासारखा केला. मग आम्ही पांढरा रंग मारला. सोसायटीतल्या चार जणांना मी मुद्दाम बोलावून दाखवलं. सगळ्यांनी अंगठे फिरवले आणि वा म्हटलं.

मुलगी परत आली ती बॅग घेऊन थेट गाळ्यावर. गाडीत वाकली, पाइपावरून हात फिरवला, थांबली.

"बाबा, वेल्डिंग कुठेय?"

"तेच तर!" मी म्हणालो.

"तू घासलंस?"

"मग काय तसंच खडबडीत ठेवू? माझ्या गाळ्यातून असलं काम बाहेर जात नाही."

ती गाडीतून बाहेर आली. चेहरा उतरलेला. "जे घासलंस ना, तेच धरून ठेवतं, बाबा. तू जोड सुंदर केलास आणि त्याचं मांस काढून टाकलंस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काल कॉम्प्युटर शिकलेली मुलगी मला वेल्डिंग शिकवणार? नको नको ते बोललो. तीस वर्षांत माझी एक रेलिंग तुटली असेल तर दाखव म्हणालो. तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे मला आणखीच राग आला. शेवटी मीच ओरडलो, "चल, दाबून बघू! तुझ्यासमोर बघू!"

शेजारच्या गाळ्यात पत्रा दाबून स्टीलचे डबे काढायचा मोठा हायड्रॉलिक प्रेस आहे. उरलेल्या पाइपाचे दोन जोड मी तिथल्या तिथे केले. एक घासला, दुसरा घासला नाही. आधी न घासलेला ठेवला. प्रेस खाली आला, पाईप कण्हल्यासारखा वाजला, वाकला, पार दुमडला. जोड होता तसाच. मग घासलेला ठेवला. मी हात मागे बांधून ऐटीत उभा होतो. पाईप जेमतेम वाकला आणि टक्क असा आवाज आला. जोड उघडला. आतून दोन्ही पाइपांच्या कडा स्वच्छ दिसत होत्या, त्यांना धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

मला एकदम बायकोचा आवाज ऐकू आला, दुसऱ्या कोणाच्या हातचा नको. मी तिथल्या पिंपावर बसलो. रेलिंगला माणूस टेकतो. या पिंजऱ्याला माझी मुलगी टेकणार होती, तीही उलटी होऊन. एवढा साधा फरक मला कळला नव्हता.

दोन दिवस मी हे बायकोपासून लपवलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना बायकोला सगळं सांगितलं, मुलीसमोरच. ती ओरडेल, गाडी विकायला लावेल, अशी माझी तयारी होती. खरं तर तिने तसं म्हणावं असंच थोडं वाटत होतं.

तिने कप खाली ठेवला. "कापलात का तो?"

"उद्या कापतो."

"मी येते."

कित्येक वर्षांनी ती गाळ्यावर आली. स्टुलावर बसून मला पिंजऱ्याचा एकेक पाईप कापताना बघत राहिली. नवा बनवायला घेतला तेव्हा दादा मला म्हणाले, "पॉलिश न्हाय? मंग मी कराचं काय, शेठ?" मी म्हटलं, दादा, आता मला थांबवायचं काम तुमचं. माझा हात ग्राइंडरकडे गेला की ओरडा. ते दोनदा ओरडले. नवा पिंजरा होईपर्यंत त्या महिन्याची रेस हुकली.

काम झाल्यावर बायकोने प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवला.

"हाताला लागतंय," ती म्हणाली.

"लागलंच पाहिजे."

"मग ठीक आहे."

पुढच्या रेसला मी मुलीबरोबर गेलो. बायको घरीच थांबली. दुपारचं ऊन मी म्हणत होतं, मी कुंपणाजवळ टोपी घालून उभा. तिसऱ्या फेरीला मागच्या गाडीचा तिच्या गाडीला धक्का लागला. फार नाही, जरासा. गाडी आडवी झाली, खडीत घुसली, चाक रुतलं आणि ती उलटली. एकदा, दोनदा, तीनदा. धुळीचा लोट उठला. धूळ बसली तेव्हा गाडी चाकांवर उभी होती आणि छप्पर एका बाजूने आत गेलं होतं.

मी खिडकीची जाळी बघत होतो. दुसरं काही दिसतच नव्हतं. जाळी होती तिथेच होती. लोक पळत होते, कोणी लाल झेंडा हलवत होतं, माझ्या शेजारचा माणूस मला काहीतरी विचारत होता. मी मनात माझे जोड आठवत होतो, एकेक, कुठला कुठे आहे, कुठला डोक्यावर आहे, कुठला घाईत केला होता का. देवाचं नाव आठवलं नाही. जोडच आठवत होते.

जाळी पडली.

मी कुंपण धरून रडलो. लाज वाटली नाही. मुलगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली आणि हेल्मेट काढून माझ्याकडे बघून तिने हात हलवला, अगदी फोनमधल्या त्या माणसांसारखा. डॉक्टरांनी तपासून दुखरा खांदा सोडला तर काही नाही असं सांगितलं, तरी दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं.

बायकोला फोन लावला. गाडी उलटली होती एवढंच बोललो आणि तिने मधेच विचारलं, "जाळी पडली का?"

"पडली."

ती म्हणाली, "तिला फोन द्या."

उलटलेला पिंजरा पुन्हा वापरत नाहीत, नियम आहे. या वेळी मी नियम वाचून त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला नाही. गाडी गाळ्यावर आणून पिंजरा कापला, नवा बनवायला घेतला. जुन्यातला मुलीच्या डोक्यावरचा पाईप चांगलाच वाकला होता, पण जोडाला केसाएवढीही चीर नव्हती. तो तुकडा मी टाकून द्यायला निघालो होतो, बायकोने तो घरी नेला. तो आता दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे, मुलीने गो-कार्टमध्ये जिंकलेल्या कपांच्या रांगेत. परवा बायकोचा भाऊ आला होता. त्याने तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि मला म्हणाला, "दाजी, याचं फिनिशिंग राहिलं वाटतं."

मी तोंड उघडण्याआधीच बायकोने तो त्याच्या हातून घेतला, पदराने पुसला आणि जागेवर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझी पोर त्यातून चालत बाहेर आलीय." मग माझ्याकडे वळली. "नव्या पिंजऱ्याला रंग कधी मारताय? त्याआधी मला गाळ्यावर न्या. मी हात लावून बघितल्याशिवाय मारायचा नाही."