पंचवीस घरांची लढाई

बडनेरा जंक्शनच्या सिग्नल केबिनीत देवमन तेरा वर्षं गाड्यांना वाट देणारे खटके ओढत होता. अंगानं काटकुळा, पण खांदे पाहाल तर पैलवानाचे. लोखंडी खटका ओढायचा म्हणजे कमरेतून जोर लागतो. आणि उघड्या हातानं त्याला शिवायचं नाही, मधे फडकं धरायचं, नाहीतर घामानं लोखंड गंजतं. या फडक्याची देवमनला इतकी सवय, की जेवायला बसला तरी ते खांद्यावरच. त्याची बायको चतुराबाई म्हणायची, "हे फडकं तुमची पयली बायको. मी मागून आली."

त्या खटक्यांची एक खोड होती. एका गाडीला वाट दिली, की तिला आडव्या जाणाऱ्या गाडीचा खटका आपोआप अडकायचा. मग कितीही ओढा, हलणार नाही. देवमनची शाळा चौथीतच सुटली होती, पण हे ज्यानं कोणी शोधलं त्याच्या अकलेला तो मनातून रोज हात जोडायचा. "माणूस चुकते," तो सांगायचा, "खटका चुकू देत नाही."

त्याची एकुलती एक पोर ललिता. बडनेऱ्याहून गाडीनं अमरावतीच्या मुलींच्या शाळेत जायची, आठवीत होती. नववीत विज्ञानाच्या वर्गाला जागा मोजक्याच. विज्ञान शिकवणाऱ्या इंदूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "प्रदर्शनात जिचा प्रयोग चालेल ती विज्ञानाला. बाकीच्या शिवणकामाला." ललिताला शिवणकामाचा इतका राग, की फाटकी बाही ती टाचणीनं जोडून जायची.

रशियाचा माणूस आभाळात फिरून आला त्याला तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. पोरींच्या तोंडी दुसरी गोष्ट नव्हती. ललिता एक दिवस म्हणाली, "बाबा, आपण पटाचा खेळ करू. पृथ्वीची आन् मंगळाची लढाई. आपले दिवे हिरवे, मंगळाचे तांबडे. एका घरात दोन्ही दिवे पेटले की घंटी वाजली पायजे. मंग फासा टाकायचा, ज्याचं दान कमी तो मेला."

चतुराबाई भाकर थापता थापता थांबली. "छप्पन साली दीक्षा घेतली तवा पत्रिका, गिऱ्हे सारे सोडून देल्ले. आन् आता तुमी मंगळाले पाटावर बसवून राहिले?"

"हा मंगळ कोनाचं लगीन नाही मोडत," देवमन म्हणाला, आणि कामाला लागला.

वरूडच्या संत्र्यांच्या पेट्या फोडून त्यानं पाट केला. पंचवीस घरं, दर घरात एक हिरवा नि एक तांबडा बॅटरीचा बल्ब, कडेला दोन्ही रंगांचे छोटे खटके. कबाडातून एक विजेची घंटी मिळाली. तारा, सेल, खालच्या लाकडी पट्ट्या, सारं त्यानं महिनाभर एकट्यानं जुळवलं. पाटाला संत्र्याचा वास होता, त्यामुळे लढाई लागायच्या आधी मुंग्याच लागल्या.

शनिवारी प्रदर्शन. गुरुवारी सकाळी केबिनीतला जोडीदार खुशालराव खेळून पाहायला आला. तो मंगळ झाला, ललिता पृथ्वी. दोघं एकेक घर सरकत पाटाच्या मधोमध आले. ललिताचा हिरवा दिवा पेटलेला होता. खुशालरावनं त्याच घराचा तांबडा खटका दाबला. खटका उतरेना. त्यानं अंगठ्यानं जोर केला.

"देवमन, हे काय करून ठेवलं बे? तुहा दिवा मले मारूच देत नाही!"

दुसऱ्या घरात पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं. तेच. देवमननं पाट उलटा केला आणि खाली पाहतच राहिला. दर घराखाली एक लाकडी पट्टी होती. हिरवा दाबला की ती सरकून तांबड्याला अडवायची, तांबडा दाबला की हिरव्याला. असं करायचं त्यानं ठरवलं नव्हतं. हातांनी आपलं आपणच केलं होतं, तेरा वर्षांच्या सवयीनं.

खुशालराव हसून हसून खोकू लागला. "लढाई करायले बसला आन् जंक्शन बांधून उठला!"

ललिता हसली नाही. "बाबा, घंटी वाजली नाही तर बाई म्हनतील प्रयोग चालत नाही."

"पट्ट्या काढतो ना. त्यात काय?"

खुशालराव गेल्यावर देवमननं पकड घेतली आणि मधल्या घराची पट्टी उपटली. दोन्ही खटके दाबले. हिरवा नि तांबडा शेजारी शेजारी पेटले, घंटी खणखणली. देवमननं झटकन दोन्ही खटके वर केले. समोर पेटीची फळी आहे हे त्याला दिसत होतं, पण डोळ्यांपुढं एकाच रुळावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या उभ्या राहिल्या. त्यानं ती पट्टी उचलली आणि होती तिथं परत बसवली.

"काहून?" ललितानं विचारलं.

"माह्या हातानं नाही होत, बाई." त्यानं पकड तिच्यापुढं ठेवली. "तू काढ. चोवीस काय न् पंचवीस काय, तासाभराचं काम आहे." आणि ड्युटीला निघून गेला.

त्या दिवशी केबिनीत त्याचं लक्ष नव्हतं. पोरीचं विज्ञान आपण बुडवलं, हेच डोक्यात. संध्याकाळी घरी आला तर पकड तिथंच पडलेली, आणि माय-लेकी पाटाशी बसलेल्या. चतुराबाई मंगळाकडून खेळत होती. पदर खोचलेला, चेहरा नळावर भांडायला निघाल्यासारखा.

"हे घर माहं," ती म्हणाली आणि तांबडा दाबला. "हेबी माहं. आता सरक तू कोठं सरकतं ते."

ललितानं चारी बाजूंनी पाहिलं. पुढं तांबडे, मागं तांबडे. तिचा एकही खटका उतरेना. "बाबा, मायनं मले तिसऱ्यांदा कोंडलं!"

"त्यात काय शिकायचं?" चतुराबाई म्हणाली. "कॉलनीच्या नळावर रोज काय करतो आमी? पहाटे जाऊन पान्याचा गुंड ठेवला की जागा आपली. कोनाचं डोकं फोडा लागत नाही. दुसरीनं रिकामी घागर घेऊन उभं राहायचं."

देवमन तिथंच टेकला. पाटाकडं पाहिलं, मग बायकोकडं. "मंग घंटी कवा वाजवायची?"

"कोंडला की," ललिता म्हणाली. "बाबा, एक तार फिरवून द्या. हरनाऱ्यानं सोताच दाबायची."

शनिवारी तपासायला केशवराव गुरुजी आले होते. ललितानं त्यांना मंगळ दिला. गुरुजी तावातावानं पुढं घुसले आणि दहाव्या खेळीला अडकले. एक खटका दाबला, दुसरा दाबला, चष्मा पुसून तिसरा दाबला.

"बिघडलाय हा," ते म्हणाले.

देवमन दाराशी उभा होता, तो एक पाऊल पुढं आला. पण ललिता डगमगली नाही. तिनं पाट उलटा केला आणि पट्ट्या कशा सरकतात, कोण कोणाला का अडवतो, सारं एकेक करून दाखवलं. शेवटी म्हणाली, "गुरुजी, बिघडला नाही. तुम्ही हरलात. ती घंटी तुम्हीच दाबायची."

पोरी फिदीफिदी हसल्या. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि मुकाट्यानं घंटी दाबली.

इंदूबाईंनी यादीत ललिताचं नाव तिथल्या तिथं लिहिलं आणि देवमनला म्हणाल्या, "हा पाट वर्षभर शाळेत ठेवू द्या. नववीला शिकवायला होईल."

देवमन पाटाजवळ गेला. ड्युटी संपवून दुसऱ्याच्या हाती केबिन देताना करायचा तसे त्यानं पन्नासही खटके एकेक करून वर केले. सगळे दिवे विझल्याचं पाहिलं. मग खांद्यावरचं फडकं काढून त्याची नीट घडी घातली आणि ललिताच्या हातात दिली.

"उघडा हात नको लावू देऊ कोनाले," तो म्हणाला. "गंज चढते."

घरी परतताना गाडीत त्याचा हात दोनदा खांद्यावर गेला आणि रिकामाच खाली आला.