त्या दिवशीचा उपास

बायकोला मी हे सांगितलेलं नाही. अण्णांना तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडून बाकीचं सगळं बोललो, पण एवढं गिळलं. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहायला घेतलं, तर पहिल्याच ओळीला हात अडखळतोय. चौथीनंतर शाळा सुटलेला माणूस मी. माझं लिहिणं ते जमिनीच्या हँडबिलांपुरतं, आणि त्यात वाढवून कसं लिहायचं ते मला चांगलं येतं. हे वाढवायचं नाही, कमीही करायचं नाही, एवढं ठरवून बसलोय.

माझं गाव तापीकाठचं, चोपड्याकडचं. वडील गेले तेव्हा मामांनी पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. इथे अण्णांनी ठेवून घेतलं. अण्णा जमिनींची दलाली करायचे. एका लाकडाच्या वखारीत मागच्या बाजूला त्यांचं टेबल होतं. ‘दलाल’ म्हटलेलं त्यांना खपत नसे, ‘एजंट’ म्हणावं लागे. वखारीतच मला झोपायला जागा दिली, अंगावर घालायला आपला जुना कोट दिला. अण्णांचे उपकार मी आजही मोजत नाही. पण खरं सांगू? उपकारात राहणाऱ्या माणसाला सारखी एकच धास्ती असते — आपल्यापेक्षा बरा कुणी सापडला तर?

पुण्यात पूर येऊन गेल्यानंतरचे ते दिवस. पेठेतल्या लोकांच्या मनात नदीची भीती बसली होती. ज्यांची गावाकडे नावावर शेती होती आणि म्हणून ज्यांना शेतजमीन घेता येत होती, ते मुळशीकडे चौकशी करू लागले. नाटक सुटलं की थिएटरच्या दारात मी हँडबिलं वाटायचो. ‘डोंगराच्या कुशीत, धरणाच्या वाऱ्यावर, आंबेमोहोराच्या वासात’ — हे शब्द माझे. रविवारी गिऱ्हाईक घेऊन एस.टी.नं पौडला, तिथून बैलगाडीनं पुढे. वाटभर मी बोलत असे. बोलताना भीती एवढीच, की तोंडातून ‘केळी’ऐवजी गावाकडचं ‘केयी’ निघेल आणि हे लोक हसतील.

गाडी आमची वाट बघत उभी असायची ती रघूची. रघू तिथलाच, धरणाच्या अलीकडच्या गावातला शेतकरी. त्यालाही अण्णांनीच हाताशी धरलेलं. जमीन कुणाची, विकायची आहे का, भाऊबंद सही देतील का, हे सगळं त्याच्याकडे. गिऱ्हाइकाशी तो जेमतेम दोन वाक्यं बोले. “हितनं तितपर्यंत. पानी चैतापातुर ऱ्हातं, म्होरं न्हाई.” एवढंच! मी मागे उभा राहून कपाळाला हात लावायचो. अरे, पाणी आटतं हे कशाला सांगतोस?

मग तो म्हणायचा, “चला, जेवायला चला.”

आणि सौदा व्हायचा तो तिथे. रघूच्या ओट्यावर.

त्याची बायको — मी तिला वहिनी म्हणायचो — केळीच्या पानावर आंबेमोहोराचा मऊ भात वाढायची, कुळथाचं पिठलं, आणि रानातली एखादी भाजी, जिचं नावही पेठेत कुणी ऐकलेलं नसायचं. कुर्डू, भारंगी, टाकळा. माणसं दोनदा भात मागून घेत. हात धुऊन ओट्यावर टेकली की कुणीतरी म्हणायचंच, “इथे एक लहानसं घर बांधलं तर काय वाईट?” वाटभर बोलून माझा घसा कोरडा झालेला असायचा. त्या बोलण्यातलं त्यांना काहीही आठवत नसे.

त्या घरात मीही जेवत होतो. नुसता जेवत नव्हतो. एकदा हिवतापानं पौडच्या स्टँडवरच आडवा झालो, तेव्हा रघूनं गाडीत घालून घरी नेलं. आठवडाभर त्यांच्या ओट्यावर पडून होतो. वहिनीनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या, झाडपाल्याचे काढे पाजले. भात माझ्या घशाखाली उतरेना. आम्ही ज्वारीवर वाढलेली माणसं. तर तिनं पौडच्या बाजारातून ज्वारी आणवली. तिला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती. पहिल्या दोन तुटल्या, तिसरी जमली. “भावजी, तुमच्या आईवानी न्हाई व्हायची, पर खावा,” म्हणाली. पुढे मी येणार असलो की माझ्यासाठी वेगळी भाकरी असायची. रघू चिडवायचा, “खानदेशी, तुज्यापायी माज्या घरात दुसरं दळान सुरू झालं बग.”

त्याच आजारपणात रघूनं मला सांगितलं, की वहिनी वरच्या कातकरवाडीतली. त्यानं पळवून आणली नव्हती, मागणी घालून लग्न केलं होतं. भावांनी त्याला वेगळं काढलं. गावात कुणी त्याच्याकडे पाणी घेत नाही. “तुला म्हनून सांगतो,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकानं आजून इचारलं न्हाई. इचारलं तर खोटं बोलायचा न्हाई मी.”

आता इथे मला थांबावंसं वाटतंय.

मला कशाचा हेवा वाटत होता? रघूच्या सौद्यांचा? तो होताच. पण नुसता तेवढाच असता तर बरं झालं असतं. गाडीचे बैल अंगणात शिरले की ती चुलीपुढून मान वळवून दाराकडे बघायची — त्याच्याकडे. ती मला हवी होती असं नाही, शपथेवर सांगतो. पण कुणीतरी चुलीपुढून माझ्याकडे तसं वळून बघावं, असं मला फार वाटे. गाव सोडल्यापासून माझ्या येण्यानं कुठलं घर हललं होतं? आणि ह्या माणसाला, गावानं टाकलेल्या ह्या माणसाला, ते रोज मिळत होतं. ती माझ्यासाठी भाकरी थापायची तेव्हासुद्धा मला जळायला व्हायचं. माझ्या वाट्याला आलेलं ते उरलेलं आहे, असं वाटायचं. उपकार करणाऱ्यांचा इतका राग येतो माणसाला?

त्यात अण्णा एकदा हसत म्हणाले, “तू बोल बोल बोलतोस, आणि रघूच्या घरचं पान जमीन विकतं. पौडकडचं काम आता एकावर सोपवीन म्हणतो. दसऱ्यानंतर बघू.” नाव त्यांनी घेतलं नाही. पण मला कळलं. मग माझं काय? परत वखार, परत हँडबिलं?

दसऱ्यानंतर एक वयस्क जोडपं दुसऱ्यांदा आलं. भाद्रपदात जमीन बघून, जेवून गेलेलं. आज होकार देणार हे नक्की होतं. होकार म्हणजे रघूला पौड. त्या दिवशी रघू जमीनमालकाला आणायला पुढे गेला होता, म्हणून गाडी मीच हाकत होतो. त्या काकू खुशीत होत्या.

“मागच्या वेळची ती भाजी अजून तोंडात आहे हो,” त्या म्हणाल्या. “आमच्यात कुणाला ठाऊक नाही ती. कुणातल्या म्हणायच्या ह्या?”

साधा प्रश्न. माहीत नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरं सांगून टाकलं असतं, ताठ मानेनं, तरीही वेगळं झालं असतं. मी काय केलं? मी मान खाली घातली आणि म्हणालो, “जाऊ द्या ना काकू. जेवलात तुम्ही, आता विचारून काय करायचं?”

मग त्या विचारणारच. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी सांगितलं. सांगताना आवाज मुद्दाम हळू केला. वर म्हणालो, “पण स्वच्छता फार आहे हो त्यांची.” जणू मी तिचीच बाजू घेतोय.

काकूंनी पदर तोंडाशी नेला. काका समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. 

अंगणात पानं मांडलेली होती. जमीनमालक दुपारून येणार होता, म्हणून रघू परतून पाट ठेवत होता. काकू पायरीखालीच थांबल्या. “आमचा आज उपास आहे.”

रघू हसला. “आज कसला उपास, काकू?”

“आहे आमचा एक.”

वहिनी दारात उभी होती. हातात भाताचं पातेलं. तिनं काकूंकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. काय ते तिला तिथेच कळलं असणार. तरी ती म्हणाली, “भावजी, तुमी तरी बसा. तुमची भाकर गरम हाय.”

काकू माझ्याकडे बघत होत्या. हा ह्या घरात जेवतो का, हे त्यांना बघायचं होतं.

मी म्हणालो, “माझाही उपास आहे.”

हेच ते, देवापुढेही गिळलेलं. कातकरवाडी सांगितली ते पाप होतंच, पण त्याला निदान पौडचा लोभ होता. ह्याला काय होतं? दोन परक्या माणसांच्या नजरेत मी उजळ राहावं, एवढंच.

आणि एवढ्यावर संपलं नाही. आम्ही तिघे जमिनीकडे गेलो. जांभळीखाली काकूंनी डबा उघडला. दशम्या होत्या. एक माझ्या हातावर ठेवली. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. मी खाल्ली. तोंड भरलेलं असतानाच पाठीमागे पावलं वाजली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. उपास असला तरी पाणी चालेल म्हणून.

तिनं बघितलं. तांब्या खाली ठेवला.

“सावकाश खावा, भावजी. ठसका लागंल.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी आज हे लिहिण्यात एवढा वेळ घालवला नसता. ती निघून गेली. पाण्याला कुणी हात लावला नाही — मीही नाही. खरंच ठसका लागला होता, तरीही.

जोडप्यानं ती जमीन घेतली नाही. पौडच्या अलीकडे मी दुसरी दाखवली, ती घेतली. पेठेत ही खबर कानोकानी पसरली. नवं गिऱ्हाईक रघूच्या अंगणापर्यंत जाईना. अण्णांना कारण कळलं, सांगणारा कोण ते कळलं नाही. पौडकडचं काम मला मिळालं. रघू स्वतः येऊन खांद्यावर थाप मारून गेला. “झ्याक झालं खानदेशी. आता घरी ये की जेवायला.” म्हणजे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मी गेलो नाही.

गिऱ्हाईक तुटल्यावर रघूचं भागेना. पुढल्या उन्हाळ्यात ती दोघं ताम्हिणीच्या खाली, कोकणात कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला निघाली. पौडच्या स्टँडवर मीच त्यांची बोचकी टपावर चढवली. रघू पोरासारखा रडला. म्हणाला, तुज्यासारखा भाऊ न्हाई मिळायचा. वहिनी आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली. गाडी हलेपर्यंत ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होती.

मी हात वर केला होता. रघूनं हात हलवला. मला वाटतं, त्याला आजही काही माहीत नाही.