स्वतःची खाती चिठ्ठ्यांत टाकणाऱ्या पुष्पाताई

पुष्पाताई निकुंभ यांची आणि माझी पहिली भेट सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका शेअरदलालाच्या पेढीत, नोकरीच्या मुलाखतीला झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. वडील सुरतेच्याच गोडादऱ्यात लूमवर कामाला होते, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. डीलरची प्रमाणपत्र परीक्षा पास झालेली आमच्या गल्लीतली मी पहिलीच मुलगी. डीलर म्हणजे ग्राहकाची ऑर्डर फोनवर घेऊन त्याच्यासाठी शेअर विकत घेणारा किंवा विकणारा माणूस, एवढंच मला पुस्तकातून ठाऊक होतं.

समोर बसलेल्या बाईंनी माझी मार्कशीट बाजूला सारली. एक कोरा कागद पुढे केला आणि भराभर, गुजरातीत, कंपन्यांची नावं आणि शेअरचे आकडे सांगायला लागल्या. सहाव्या नावाशी मी थांबले. गुजराती आकडे मला चांगले यायचे, पण तो आकडा त्या तोंडातल्या तोंडात बोलल्या होत्या.

"परत सांगाल का?" मी विचारलं. गडबडीत मराठीतच विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "कुठली गं तू?"

"गोडादरा. मूळचे आम्ही अमळनेरकडचे."

"तुझ्याआधी पाच जण येऊन गेले. सहावा आकडा त्यांनाही ऐकू आला नव्हता, पण प्रत्येकानं काहीतरी लिहून दिलं. सोमवारी नऊच्या आत ये."

ताईंच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा आनंद आहे. त्यांच्या हाताखाली शिकून आज सुरतेतल्या निरनिराळ्या पेढ्यांत काम करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यांतल्या कुणीही हा लेख लिहिला असता. तरी त्यांनी घेतलेल्या एका निर्णयाची मी जवळून साक्षीदार आहे, आणि तो निर्णय लिहून ठेवायला हवा असं मला वाटतं.

ताईंचा जन्म उधन्यातला. वडील रेल्वेत गँगमन होते. टायपिंगच्या परीक्षा देऊन ताई पेढीत टायपिस्ट म्हणून लागल्या. सौद्यांच्या चिठ्ठ्या आणि ग्राहकांची पत्रं टाइप करायची, एवढंच त्यांचं काम. पुढे व्यवहार संगणकावर आले. त्या वेळच्या डीलर मंडळींना कीबोर्डला हात लावणं कमीपणाचं वाटायचं, कारण ते टायपिस्टचं काम. म्हणून ताईंना टर्मिनलसमोर बसवलं गेलं. पुरुष मागून ओरडून ऑर्डर सांगायचे, ताई टाइप करायच्या. सौदा ताईंच्या बोटांनी व्हायचा आणि नाव लागायचं मागच्या माणसाचं. अशी दोन वर्षं गेल्यावर ताईंनी मालकांना, म्हणजे धनसुखभाईंना सांगितलं, "शेठ, टाइप मीच करते, भाव मीच बघते. मला माझे ग्राहक द्या." धनसुखभाई हसले, पण नाही म्हणू शकले नाहीत. कारण दुसऱ्या कुणालाच ते यंत्र चालवता येत नव्हतं.

मी लागले तेव्हा ताई डीलिंग विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हाताखाली आम्ही नऊ डीलर, त्यात तीन बायका. ताईंचा दरारा मोठा. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि आजही नाही. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, पण नऊला दोन मिनिटं कमी असताना त्या दाराकडे बघायला लागायच्या. पहिल्या महिन्यात मी बाथरूममध्ये जाऊन दोनदा रडले, हे मी त्यांना आजच सांगते आहे.

माझ्या तिसऱ्या वर्षी किरीटभाई नावाचे ज्येष्ठ डीलर प्रकृतीमुळे निवृत्त झाले. त्यांच्याकडे पेढीतली बरीच मोठी खाती होती. ती धनसुखभाईंनी आमच्यात वाटली. कापड मार्केटातले व्यापारी आणि हिऱ्यांचे कारखानदार पुरुषांकडे गेले. आम्हा बायकांच्या वाट्याला आले निवृत्त शिक्षक, विधवा बायका, आणि वर्षातून एखादा सौदा करणारी खाती.

आमच्या धंद्यात कमाईचे दोन भाग असतात. ठरलेला पगार सगळ्यांना सारखा होता. दुसरा भाग ग्राहकांच्या उलाढालीवर मिळायचा, आणि खरी कमाई त्यातच होती. वर्ष संपल्यावर आम्हा तिघींचा हा दुसरा भाग इतका कमी आला की धनसुखभाई सगळ्यांसमोर म्हणाले, "बेनोनो धंधो ओछो छे." बायकांचा धंदा कमी पडतो. मला ते पटलंही. मीच कमी पडते असं समजून मी घरी गेले आणि आईला तसं सांगितलं. आई टिकल्या लावता लावता म्हणाली, "काम एकच शे, मंग त्यासले जास्ती कसाले?" काम एकच आहे, मग त्यांना जास्त का?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आईचा प्रश्न ताईंना जसाच्या तसा सांगितला. ताई स्वतःही घरी अहिराणीच बोलत. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "आईला म्हणावं, आठ दिवस दे मला."

त्या आठ दिवसांत त्यांनी एकच गोष्ट केली. प्रत्येक डीलरच्या यादीत त्यानं स्वतः शोधून आणलेले ग्राहक कोणते आणि पेढीनं हातात दिलेले कोणते, हे वेगळं काढलं. स्वतः आणलेल्या ग्राहकांमध्ये आम्ही तिघी पुरुषांच्या मागे नव्हतो. आमच्यातली एक, सरला, तर सगळ्यांच्या पुढे होती. सगळा फरक पडत होता तो दिलेल्या खात्यांत.

तो कागद घेऊन ताई धनसुखभाईंच्या केबिनमध्ये गेल्या आणि मला सोबत नेलं. धनसुखभाई वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला.

"पुष्पाबेन, मार्केटमधले शेठ बाईमाणसाला ऑर्डर देत नाहीत. यात मी काय करू?"

"किती शेठना तुम्ही विचारलंत?"

धनसुखभाईंनी कागद टेबलावर ठेवला.

ताई म्हणाल्या, "पेढीनं दिलेली सगळी खाती एकत्र करा आणि चिठ्ठ्या टाका. ज्यानं जे स्वतः आणलं ते त्याचं त्याच्याकडे राहू द्या."

धनसुखभाईंना यातून सुटका हवी होती. ते म्हणाले, "मोठी खाती तुमच्याकडेही आहेत. ती तुम्ही स्वतः आणलेली, मला माहीत आहे. पण तुमची बाजूला ठेवून मी बाकीच्यांना हात लावला तर मुकेश आणि मंडळी मला जगू देणार नाहीत. तुमचीही घालणार असाल तर बोला."

मला वाटलं, विषय संपला. ती खाती ताईंनी पंधरा वर्षांत एकेक करून जोडली होती.

"घाला," ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागे लागले. "ताई, ती तुमची आहेत. नियमानंसुद्धा तुमचीच राहतात."

"मला परत उभं राहायला दोन वर्षं लागतील," त्या म्हणाल्या. "मला ते जमतं, मी केलेलं आहे. तुम्ही तिघी मात्र कायमच्या विधवांच्या आणि मास्तरांच्या यादीत राहाल, आणि वर लोक म्हणतील की बायकांना धंदा जमत नाही. जा, फोन वाजतोय तुझा."

शनिवारी बाजार बंद असतो. त्या शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलावून चिठ्ठ्या टाकल्या. वातावरण चांगलं नव्हतं. मुकेश नावाचे आमचे सहकारी सगळ्यांत जास्त नाराज होते. ते म्हणाले, "ताई, मला दोन लहान मुलं आहेत. घराचा हप्ता आहे. माझ्या कमाईतून तुम्ही यांना देणार?"

ताईंनी त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. "मुकेशभाई, सरलाच्या घरी चार माणसं आहेत आणि कमावणारी ती एकटी. ती कधी बोलली नाही एवढंच. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर चिठ्ठ्या तुम्ही उचला." मग चिठ्ठ्या मुकेशभाईंनीच उचलल्या. एकेक नाव त्यांनीच मोठ्यानं वाचलं.

माझ्या वाट्याला रमणीकभाई नावाचे कापड व्यापारी आले. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "बेन, कोई भाईने फोन आपो ने." एखाद्या पुरुषाला फोन द्या ना. मी रिसीव्हर ताईंकडे केला. त्यांनी तो घेतला नाही. संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर मला घेऊन त्या थेट मार्केटात रमणीकभाईंच्या दुकानी गेल्या. तीन मजले चढून गेलो. साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून ताई त्यांना म्हणाल्या, "या संगीताबेन. तुमचं खातं आता या बघतील. चुकल्या तर मला फोन करा. चुकायच्या आधी करू नका."

रमणीकभाईंनी चहा पाजला, पण पुढचे दोन महिने एकही ऑर्डर दिली नाही. नंतर थोडी थोडी द्यायला लागले. मग एके दिवशी बाजार जोरात घसरला. रमणीकभाईंनी थोडी रक्कम भरून मोठे सौदे केले होते. अशा वेळी जास्तीची रक्कम भरावी लागते, नाहीतर पेढीला ग्राहकाचे शेअर मिळेल त्या भावाला विकावे लागतात. मी सकाळी दहालाच त्यांना फोन केला आणि नेमकं काय होऊ शकतं ते सांगितलं. ते चिडले. म्हणाले, "आजपर्यंत असा फोन मला कुणी केला नाही." मी म्हटलं, "शेठ, दुपारी अडीचला पेढी शेअर विकायला काढेल, मग मला काही करता येणार नाही. आता येतंय." त्यांनी निम्मे सौदे आवरले. दुपारी बाजार आणखी पडला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या धाकट्या भावाचं खातंही माझ्याकडे आलं.

सगळंच असं छान झालं नाही. सरलाला मिळालेल्या एका हिरे व्यापाऱ्यानं, मी बाईशी सौदा करणार नाही, असं सांगून खातंच बंद केलं. धनसुखभाई संतापले. ताई म्हणाल्या, "माझ्या निर्णयामुळे गेलं. सरलाला काही बोलू नका." मुकेशभाई पाच-सहा महिने आमच्याशी कामापुरतंच बोलत होते. ताईंची स्वतःची कमाई तर एकदम खाली आली. त्यांनी कामरेजला एक फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं, इसार दिला होता. तो त्यांनी सोडून दिला. याबद्दल ऑफिसात त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. मला ते फार वर्षांनी, त्यांचे यजमान बोलता बोलता सांगून गेले तेव्हा कळलं. मी ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "कामरेज लांब पडलं असतं."

दोन वर्षांनी पेढीत बायका आणि पुरुष यांच्या कमाईत बोट ठेवावं असा फरक उरला नाही. कुणी जास्त मिळवायचं, कुणी कमी, पण ते ज्याच्या त्याच्या कामावर. ताईही पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोनच वर्षं लागली.

त्यांच्या मायेविषयी एकच प्रसंग सांगते. मला मुलगी झाली तेव्हा मी सहा महिने रजेवर होते. या धंद्यात रजेवरून परतलेल्या बाईला तिची यादी सहसा परत मिळत नाही. ताईंनी माझी सगळी खाती स्वतः सांभाळली. परत आले त्या दिवशी त्यांनी एक वही माझ्या हातात दिली. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे दोन-तीन ओळी होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, "वडिलांचं ऑपरेशन झालंय. आधी विचारपूस कर, मग बाजाराचं बोल." ती वही मी जपून ठेवली आहे.

आज आमच्या विभागात निम्म्याहून जास्त मुली आहेत. एक लिंबायतची आहे. एकीचे वडील इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. मुली आपसात गुजराती नाहीतर हिंदी बोलतात, आणि ताई त्यांना मराठीतच रागावतात. इतर कित्येक ठिकाणी अजूनही मुलींना दिवसभर फोन फिरवायला बसवतात आणि मोठे ग्राहक मुलांच्या हाती देतात. ताई म्हणतात, "पगार किती, हे सगळे विचारतात. यादी कशी मिळणार, हे विचारा." मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या हेच सांगून पाठवतात.

गेल्या वर्षी मुकेशभाई आपल्या मुलीला घेऊन ताईंच्या टेबलाशी आले. मुलगी नुकतीच प्रमाणपत्र परीक्षा पास झाली होती. मुकेशभाईंनी आधी तिला पुढे केलं. मग म्हणाले, "ताई, हिला तुमच्या हाताखाली घ्या. आणि खाती वाटाल तेव्हा हिचं नाव विसरू नका." ताईंनी मुलीकडे पाहिलं आणि सोमवारी नऊच्या आत यायला सांगितलं. मुकेशभाईंना त्यांनी समोरची खुर्ची दिली, आणि दोघं बराच वेळ चहा घेत बसली.

ताई आता टर्मिनलवरून निवृत्त होत आहेत. घरी बसतील असं कुणी समजू नये. गेल्या दोन महिन्यांपासून त्या स्कूटर चालवायला शिकत आहेत. यजमान मागे बसतात आणि घाबरतात. एकदा त्या गोडादऱ्याला माझ्या आईला भेटायला निघाल्या आणि वळणावर पडल्या. कोपर खरचटलं होतं. तशाच उठून आल्या, आईकडून हळद लावून घेतली आणि परत जातानाही स्वतःच चालवत गेल्या. आई गॅलरीत उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होती.

ताई, आपले गुडघे आणि डोळे आपल्याला शेवटपर्यंत साथ देवोत. शंभरी आपण हसतखेळत ओलांडावी आणि तोवर एकही आजार आपल्या वाटेला येऊ नये. आपण आमच्यावर रागवावं आणि आम्ही ऐकून घ्यावं, असं आणखी पुष्कळ वर्षं चालू राहो. पुढच्या महिन्यात आपण एकट्याच स्कूटरवरून कामरेजपर्यंत जाणार आहात असं ऐकलं. सावकाश जा. पोहोचल्यावर फोन करा.

— संगीता महाजन